मालकांसाठी राखलेल्या सिगार

गळ्याशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. तुमचे आजोबा छापखान्यात मशीन चालवायचे. रिटायर झाले त्या दिवशी मालकांनी त्यांच्या हातात चार सिगार ठेवल्या आणि म्हणाले, “येतो एकदा घरी. दोघं मिळून ओढू.”

यांनी जन्मात विडीसुद्धा ओढली नव्हती. तरी सिगार वाळू नयेत म्हणून माझा घट्ट झाकणाचा साखरेचा डबा पळवला. छापखान्यात कागद मोजताना बोटं ओली करायचा स्पंज असायचा, तो भिजवून वाटीत ठेवला आणि वाटी डब्यात. दर रविवारी डबा उघडून सिगारींना वारा द्यायचा आणि स्पंज पुन्हा भिजवायचा.

“माझी कधी एवढी काळजी घेतलीत का हो?” मी विचारायचे.

“तू कुठे वाळतेस? मालक आले आणि सिगार तडकलेली निघाली तर काय तोंड दाखवू?”

अशी नऊ वर्षं गेली. एकदा स्पंज फारच ओला राहिला, तर एका सिगारला चक्क हिरवा कोंब फुटला. यांनी तो कात्रीनं हळूच कापला.

हे गेले, तेव्हा मालक भेटायला आले. मी डबा पुढे केला. त्यांनी एक सिगार बोटांनी दाबून पाहिली, डोळे पुसले आणि म्हणाले, “अजून मऊ आहे. मीच उशीर केला.”

बरं, एवढं एक मी पदरचं घातलं. मालक काही आले नाहीत. कोंब मात्र खरा होता.