रिकामं म्हणजे साहेब

वसतिगृहातल्या मुलींची सगळी माहिती एकाच एक्सएमएल फाईलमध्ये. तिच्यावर वेगवेगळे व्ह्यू, म्हणजे ज्याला जेवढं लागतं तेवढंच दिसावं. मेसवाल्याला नाव आणि जेवण, वॉर्डनला खोली; जात आणि शिष्यवृत्ती मात्र फक्त ऑफिसला. ही वेब सर्व्हिस महल्ले सरांनी बांधली. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ती चालते, आणि ती तपासणं हे माझं पीएच.डी.चं काम. गाईड कोण? महल्ले सरच. म्हणजे पेपर सोडवणाराच तपासणाऱ्याच्या डोक्यावर बसलेला.

एकदा मी 'कोण विचारतंय' ही जागा रिकामी सोडून विनंती पाठवली. सर्व्हिसनं अख्खी फाईल समोर ओतली. जातीसकट.

"सर, हे काय?"

"अवो, प्राचार्यांना रोज पद निवडाचा कंटाळा येते. साहेबाले कोण विचारते, तुमी कोण म्हणून? रिकामं म्हणजे साहेब, असं करून ठेवलं."

"रिकामं तर कोणीबी ठेवते! वॉर्डनबाई तेच करून जात पाहतात न् खोली देतात. अंजनगावची पिंकी आल्या आल्या मागच्या खोलीत गेली. काहून गेली, सांगा?"

"तू टेस्टिंग कर, समाजसेवा नको. ती टेस्ट प्रबंधातून काढ. अकोल्याचं एक कॉलेज सर्व्हिस विकत घेऊन राहिलं. नाहीतर माह्या सहीची वाट नको पाहू."

अकोल्याहून एसटीनं ये-जा करत, धक्के खात केलेलं सगळं काम त्या सहीत अडकलं होतं. तरी टेस्ट काढली नाही.

प्रबंध सादर करण्याआधीच्या सेमिनारला समिती बसली. सर उठून म्हणाले, "सगळ्या टेस्ट पास."

"एक राहिली," मी म्हटलं.

मुलींच्या जाती मी भिंतीवर टांगणार नव्हते. म्हणून त्याच सर्व्हिसची प्रत काढून तिच्यात एकच नोंद ठेवली होती, माझी. पदाची जागा रिकामी सोडली आणि विनंती पाठवली. प्रोजेक्टरच्या पडद्यावर आलं: संध्या. नवबौद्ध. बापाचं उत्पन्न. शिष्यवृत्ती.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "अच्छा! वाटत नाही हो तुमच्याकडे पाहून."

शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "मग फेलोशिप असेलच."

सर्व्हिसबद्दल एका तोंडातून चकार शब्द नाही. माझं टाळकं फिरलं.

"वाचलं ना सगळ्यांनी? पासवर्ड लागला कोणाले? हे तुमाले दिसालेच नोको होतं! आन् दिसल्याबरोबर तुमी सर्व्हिस सोडून मलेच तपासाले लागले. वॉर्डनबाई दुसरं काय करतात?"

अध्यक्ष सरांकडे वळून म्हणाले, "महल्ले, हे कॉलेजात असंच चालू आहे?"

"किरकोळ दुरुस्ती आहे, सर. आणि ही टेस्ट प्रबंधात नाही."

"आहे," मी म्हटलं.

"मग माझी सही नाही."

"नका करू. गाईड बदलून मागते. अर्ज इथंच लिहून देते."

महल्ले सर प्रोजेक्टर बंद करायला धावले. मी वायरसमोर उभी राहिले. माझी जात सगळ्यांनी वाचली होती, आता लपवून कोणाची अब्रू वाचणार होती? अध्यक्षांनी शेरा लिहायला पेन काढलं.

"नापास लिहा," मी म्हटलं. "मले नाही. सर्व्हिसले."