डाव्या पायाचे माप

"श्वास कशाला रोखतेस? माप पायाचं घेतोय, छातीचं नाही," असे म्हणत त्यांनी टेप पत्नीच्या डाव्या पोटरीभोवती फिरवली आणि नडगीवर शाईने केलेल्या खुणेशी तिची कडा जुळवली.

ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली होती. नजर गॅसवरच्या दुधावर होती.

"झालं का? उतू जाईल."

"जाऊ दे."

"तुमचं काय जातंय? पुसायचं मला असतं."

आकडा कालचाच होता. त्यांनी टेप सोडली, पुन्हा गुंडाळली. तोच आकडा. गुडघ्यावर हात टेकून ते सावकाश उठले आणि टेप उजेडात धरून न्याहाळू लागले.

दुसऱ्या कोणाला हायसे वाटले असते. पण त्यांचे उभे आयुष्य कारखान्याच्या तपासणी विभागात गेले होते. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक दांडा प्रमाण मापाशी ताडून पाहायचा आणि केसभर फरक दिसला तरी बाजूला काढायचा, हे त्यांचे काम. लोक त्यांना 'मायक्रॉनसाहेब' म्हणत, तोंडावर आणि पाठीमागेही. नजर आणि साधन यांचे भांडण झाले, तर आधी साधनावर संशय घ्यावा, हा त्यांचा जुना नियम होता. इथे नजर सांगत होती की दोन पायांतला फरक वाढतो आहे. टेप सांगत होती की डावा पाय तसूभरही वाढलेला नाही. कापडी टेप ताणली जाते, म्हणून त्यांनी नवी आणली होती. नवीही जुनीचीच री ओढत होती.

"भाऊजी, शिंपीकाम सुरू केलंत की काय?" पलीकडच्या गल्लीत राहणारी मेहुणी दारातूनच बोलत आत आली. तिने बहिणीच्या पायांकडे पाहिले आणि चेहऱ्यावरचे हसू आवरले. "ताई, अगं, हा डावा तर दुसऱ्याच कोणाचा वाटतोय. आमच्या ऑफिसातल्या एकीला अस्संच झालं होतं. शिरेत गुठळी निघाली. दुसरीच्या पायात पाणी साचलं होतं. हत्तीरोगसुद्धा असतो म्हणे."

"तू आलीस की घराचा दवाखाना होतो," पत्नी म्हणाली. "चहा घेणार, की आधी माझी तिरडी बांधायची आहे?"

मेहुणी हसली. ते हसले नाहीत.

कारणे त्यांनी आधीच शोधली होती. यंत्रातला बिघाड शोधावा तशी एकेक करून ती बाद करत आणली होती. कातडी लाल नाही, ताप नाही. म्हणजे जंतूंचा संसर्ग नसावा. बोटाने दाबले तर खळगा पडत नाही. म्हणजे पाणी नसावे. गुडघा सुजलेला नाही. घरबसल्या बाद करता आली नव्हती ती फक्त गुठळी. आणि पायातली गुठळी सुटली तर थेट छातीत जाते, एवढे वाचल्यापासून त्यांना एका जागी बसवत नव्हते. ती न्हाणीघरात गेली की ते दारापाशी उगाच खाकरत उभे राहत. दुपारी तिचा डोळा लागला की पांघरूण वरखाली होते आहे ना, ते पाहत.

"अहो, बसा तरी," ती म्हणे. "तुमच्या येरझाऱ्यांनी माझेच पाय दुखायला लागले."

अखेर मेहुणीनेच वेळ ठरवून दिली आणि दोघे दवाखान्यात गेले. पायाच्या शिरांची सोनोग्राफी झाली. सगळ्या शिरा मोकळ्या होत्या. गुठळी नव्हती.

डॉक्टर तरुण होती. तिने अहवाल बाजूला ठेवला. ते अजून उभेच होते.

"मग पाय मोठा का झाला?" त्यांनी विचारले.

"काका, तुम्ही बसा आधी. काकू, तुम्ही जरा भिंतीला हात लावून उभ्या राहा. आता फक्त डाव्या पायाच्या चवड्यावर उचला स्वतःला. छान. आता उजव्या."

पत्नीने उजव्या पायावर भार दिला. टाच जमिनीवरून सुटली नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. खांदे उचलले गेले, हनुवटी उचलली गेली, टाच तिथेच राहिली. ती ओशाळून हसली.

"डावा पाय मोठा झालेलाच नाही," डॉक्टर म्हणाली. "तो आहे तेवढाच आहे. उजवा बारीक होतोय. काका, तुम्ही मापं घेत होता म्हणालात. उजव्याची काय आली?"

"उजवा एकदाच मोजला," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी. तो धडधाकट, म्हणून तो प्रमाण धरला."

बोलताबोलता ते थांबले. कारखान्यात प्रमाण मापेसुद्धा ठरावीक मुदतीने तपासायला पाठवीत. पाठवायचे काम त्यांच्याकडेच होते.

डॉक्टर पत्नीकडे वळली. "कमरेचं दुखणं कधी झालं होतं का?"

ती भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत राहिली. "यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा. यांना उठवायचं, बसवायचं, आंघोळीला न्यायचं. एकदा उचलताना कमरेत चमक भरली. मग ती कळ पायात उतरली. पुढे आपोआप थांबली. वाटलं, सुटले एकदाची."

"दुखणं थांबलं, कारण नस दबून निकामी होत चालली होती. तेव्हाच यायला हवं होतं, काकू."

"तू मला बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्हाला ताण द्यायचा नाही, असं बजावून सांगितलं होतं ऑपरेशनच्या डॉक्टरांनी."

मग तिनेच डॉक्टरला विचारले, "भरून येईल का हो?"

"मणक्याचा एमआरआय करू. व्यायाम, गरज पडली तर शस्त्रक्रिया. थोडी ताकद येईल. सगळी येईल, असं मी म्हणणार नाही. उशीर झालाय. आणि आता वजन उचलायचं नाही. कशाचंच."

बाहेर पडताना दाराशी दगडी पायऱ्या होत्या. ऑपरेशनपासून पायऱ्या आल्या की ती एक पायरी आधी उतरे, वळे आणि हात पुढे करी. आजही ती उतरली, वळली आणि तिने हात पुढे केला.

"या. सावकाश."

त्यांनी तो धरला. दोघे एकेक पायरी उतरू लागले.

मध्येच ती थांबली. "नीट धरा ना. पडाल."

"धरलाय," ते म्हणाले.

त्यांचा दुसरा हात लोखंडी कठड्यावर होता, आणि शरीराचा सगळा भार त्यांनी त्या हातावर तोलून धरला होता.