चाकाला कुलूप

"आणि चावी?" वहिनींनी विचारलं.

व्हॅनचं मागचं डावं चाक भर रस्त्यात बसलं होतं. कुलूपदादांनी तीन बोल्ट झटक्यात सैल केले आणि चौथ्यापाशी त्यांचे हात थांबले. तो कुलूपवाला होता. त्याची खास चावी लावल्याशिवाय तो कुठल्याही पान्याला दाद देत नसे. दादांनी तो घेतला होता तोच या गुणावर भाळून.

"घरी राहिली," दादा पुटपुटले.

दादांचा धंदा काचा बसवण्याचा आणि स्वभाव संशयी. अंगणातल्या बादलीलासुद्धा साखळी घालणारा माणूस, गल्लीने हे नाव उगाच नव्हतं ठेवलं. शेजारच्या गल्लीत एक व्हॅन सकाळी चाकांऐवजी विटांवर उभी दिसली, आणि दादांनी त्याच दिवशी चारी चाकांना एकेक कुलूपबोल्ट बसवून घेतला. वहिनी तेव्हाच म्हणाल्या होत्या, "आधी टायर बदला, पार गुळगुळीत झालेत." पण ऐकतील ते दादा कसले. चावी गाडीत ठेवली तर चोराचं फावणार, म्हणून ती घरात लपवायची, जागा सारखी बदलायची आणि बायकोलाही सांगायचं नाही, असा बंदोबस्त होता.

"पिठाच्या डब्यातच होती ना?" वहिनी म्हणाल्या.

दादा चपापले. "तुला कुणी सांगितलं?"

"पीठ कोण चाळतं घरात? शिलाई मशीनच्या खणात टाकलीय मी ती."

म्हणजे दादा घरी धावले असते, तरी कोपरापर्यंत पीठ माखून परत आले असते.

एरवी वहिनी हसल्या असत्या. पण सभागृहात त्यांच्या गटाचं गाणं थोड्याच वेळात सुरू होणार होतं. इतकी वर्षं त्या मागच्या रांगेत उभ्या राहून गायल्या. आज पहिल्यांदाच दोन ओळी त्यांना एकटीने म्हणायच्या होत्या. त्या ऐकायला दादांनी दाढी करून नवा शर्ट घातला होता.

तेवढ्यात बेकरीची गाडी थांबली. "बसा दोघं, सोडतो," ड्रायव्हर म्हणाला.

"चला," वहिनी म्हणाल्या.

"अगं, मागे गिऱ्हाइकाचा आरसा आहे. गाडी टाकून कसा येऊ?"

"पंक्चर गाडी चोर काय खांद्यावर नेणार आहे?"

"चाकं नेईल."

"ती तर तुम्ही कुलपात घातलीत."

वादात हरले की दादा हट्टाला पेटत. "तू हो पुढे," ते म्हणाले. वहिनी बेकरीच्या गाडीत चढल्या.

दादा फुटपाथवर बसून पहारा देत राहिले. चोर काही आला नाही. एक कुत्रा आला, त्याने टायरपाशी आपला कार्यभाग उरकला आणि कुलपाची दखलही न घेता निघून गेला. आता तिच्या ओळी आल्या असतील, असं दादांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःचा मनापासून राग आला.

उन्हं उतरता उतरता वहिनी घरून चावी घेऊन आल्या. बोल्ट मुकाट्याने सुटला.

"कसं झालं?" दादांनी खाली मान घालून विचारलं.

"चांगलं झालं. टाळ्या पडल्या."

"म्हण ना एकदा."

"इथे? रस्त्यात?"

"कोण आहे ऐकायला? मीच तर आहे."

वहिनींनी मागे-पुढे पाहिलं, घसा साफ केला आणि हळू आवाजात सुरुवात केली. पहिली ओळ छान लागली. दुसरीच्या शेवटी आवाज चढता चढता फाटला आणि त्या थांबल्या.

"तिथे नव्हता हो फाटला," त्या म्हणाल्या.

"नसेलच," दादा म्हणाले, आणि पाना हातात धरून तसेच बसून राहिले.