विलाप, पाच मिनिटं

“विलाप, पाच मिनिटं,” रश्मीने कार्यक्रमपत्रिका वाचून दाखवली, तसं साखरबाईंना हसूच फुटलं.

“पाच मिन्टं? अगं, तेवढ्यात तर डोळ्याला पदरबी लागत न्हाई!”

“प्रकल्पाच्या कागदात तसंच लिहिलंय, आज्जी.”

रश्मी शिरूरच्या ख्रिस्ती मंडळीतली शिकलेली मुलगी. शिरूर आणि दौंड, दोन्हीकडच्या उपासनेत पुन्हा जीव यावा म्हणून बाहेरून ग्रँट मिळाली होती आणि ते काम हिच्याकडे होतं. जुन्या बायका मयताला हेल काढून रडायच्या. ते रडणं उपासनेत आणायचं हिने मनावर घेतलं होतं. आणि हेल म्हटला की दौंडात एकच नाव निघे, साखरबाईंचं. एके काळी बाई रडायला लागली की मयताची पेटी उचलणाऱ्यांचे पाय जागच्या जागी थिजत.

“बायकांना शिकवा. आणि रविवारी पहिला हेल तुम्हीच काढा.”

“शिकविते. पर मी रडायची न्हाई. ते सोडून बोल.”

कसं सांगणार त्या पोरीला? सत्तावीस वर्षांपूर्वी पाटस रोडला मोटारसायकल घसरून विक्रम गेला. एकुलता एक, वीस वर्षांचा. पेटीवर पडून साखरबाई हेल काढणार, तोच नवऱ्याने त्यांना मागे ओढलं. ज्ञानदेव तेव्हा मंडळीचे पंच. “गप. पाद्रीसाहेब बघत्यात. आपल्याला पुनरुत्थानाची आशा हाय, असं रडू न्हाई.” बाईंनी हेल गिळला तो गिळलाच. पुढे कुणाच्याच मयताला त्या रडल्या नाहीत.

आणि विक्रम गेलाच नाही. दुपारी जरा पाठ टेकली की कानाशी हाक यायची, “आये.” एवढीच. पहिल्यांदा अंगावर सरसरून काटा आला. पुढे पुढे मात्र बाई त्या हाकेसाठीच भांडी भराभर उरकू लागल्या. त्यांची आई म्हणायची, मयताला रडून वाटेला लावलं नाही, तर ते माणूस घरातच घुटमळतं. घुटमळू दे की! माझं पोर माझ्या घरात हाय, कुणाच्या बापाचं काय जातंय?

रविवारी चर्चमध्ये काय ती फजिती! बायका हातात कागद धरून, घसा खाकरून, गीत म्हणावं तसं “माझ्या राजाऽ” म्हणू लागल्या. मागची तरणी पोरं फिसकन हसली. रश्मीचं तोंड एवढंसं झालं. पाळकांनी घाईघाईने ज्ञानदेवांना खूण केली. मंडळीतल्या मयतांची नावं त्यांनी वाचायची होती.

ज्ञानदेव उठले. रेल्वेत खलाशी होते, आता पंचाहत्तरी आली. आठ-दहा नावं धडाधड वाचली आणि थांबले. पाळकांनी पाणी पुढे केलं, ते बाजूला सारून ते सरळ बायकांच्या सतरंजीकडे आले. आता काय ऐकवतो हा बाबा, म्हणून साखरबाईंनी अंग चोरलं.

“अगं,” ते वाकून हळूच म्हणाले, “मला त्याचं नाव घेववंना. तू रड.”

“नगा सांगू आवो. मी रडले तर त्यो जाईल.”

“ठावं हाय. दुपारची हाक मलाबी येती.”

एवढी वर्षं एका घरात, आणि माणूस एका शब्दाने बोलला नव्हता!

“लई दमलाय गं त्यो. जाऊ दे त्याला.”

मग तो हेल निघाला. “माझ्या इक्रमाऽ, तुझी वाट मीच अडवून बसले रंऽ…” वरचा पत्रा दणाणला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, घड्याळ कुणी पाहिलं नाही. हसणाऱ्या पोरांनी माना खाली घातल्या. ज्ञानदेव तिथेच सतरंजीवर बसून ओक्साबोक्शी रडले.

सोमवारी दुपारी दोघांनी पाठ टेकली. बराच वेळ दोघंही जागे होते. हाक आली नाही.

रश्मीचा फोन तेवढा आला. “आज्जी, सगळ्यांना फार भिडलं! पुढच्या रविवारी शिरूरला याल?”

“न्हाई गं बाई. घरात मयत झालंय.”

“अरे देवा! कोण गेलं?”

“आमचा इक्रम. काल गेला.”

संध्याकाळ झाली तरी घरात गॅस पेटला नाही. शेजारच्या रंभाने ते बघितलं आणि काही न विचारता पिठलं-भाकरीचं ताट झाकून आणून ठेवलं. ज्ञानदेवांनी भाकरी मोडली आणि मयताच्या घरी देतात तो कडू घास बायकोच्या तोंडापुढे धरला. साखरबाईंनी तो खाल्ला. मग एक घास मोडून त्यांनी नवऱ्याला दिला.