चॉकलेटी टॉवेल

सशाला गरीब प्राणी म्हणतात. म्हणणाऱ्यांनी सशाला कधी औषध पाजलेलं नसतं.

या सशाचं नाव मालक. लॉन्ड्रीवाल्याच्या लेकीनं ते ठेवलं, कारण घरात आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यानं सोफ्याचा चांगला कोपरा बळकावला आणि घरातल्या तिघांनाही पाय आपटून दम दिला. आता त्या तिघांपैकी लॉन्ड्रीवाला तेवढा उरला होता. नवरा-बायकोचं पटेना, पुढेपुढे भांडायचाही कंटाळा आला, तेव्हा बायको दहा वर्षांच्या लेकीला घेऊन दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. तिथल्या घरमालकिणीला जनावर चालत नव्हतं. म्हणून मालक इथेच राहिले, बापाच्या गळ्यात.

रोज संध्याकाळी सातला लेकीचा फोन यायचा. बाप मुळात अबोल. गिऱ्हाइकानं शर्ट पुढे केला की डाग चहाचा, शाईचा की गंजाचा हे तो न विचारता सांगायचा, पण माणसांशी बोलायचं म्हटलं की तोंडात मिठाची गुळणी. बायकोची निम्मी तक्रार हीच होती. सशाचा विषय निघाला की मात्र गड्याला कंठ फुटायचा.

"बाबा, मालक जेवले?"

"जेवले. गवत संपवलं, वर माझ्या चपलेचा पट्टा खाल्ला."

"आणि लेंड्या?"

"झकास. टपोऱ्या."

"टपोऱ्या म्हणजे केवढ्या? मिऱ्याएवढ्या की वाटाण्याएवढ्या?"

लेंड्यांवर रोज दहा मिनिटं बोलणारी बाप-लेक जगात दुसरी नसेल. त्या दहा मिनिटांवर त्याचा सगळा दिवस तगून होता. ससा नसता तर आपल्याला लेकीचा फोन आठवड्यातून एकदा आला असता आणि तोही आईनं आठवण केल्यावर, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून मालकांचा जबडा एका बाजूनं सुजला, तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दुकान मावशींवर सोपवून तो जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावला. मावशी म्हणजे त्याच्याकडे बारा वर्षं धुणं निवडणारी बाई.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दाताच्या मुळाशी पू झाला होता. त्यांनी गुलाबी औषधाची बाटली दिली आणि बिनसुईची पिचकारी. सशाला टॉवेलात गुंडाळायचं, फक्त डोकं बाहेर, आणि पुढच्या दातांच्या मागून, बाजूनं, थेंबथेंब सोडायचं. सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस.

"एकही वेळ चुकवू नका," त्या म्हणाल्या. "औषध पोटात गेलं, तर वाचायची चांगली आशा आहे."

सोमवारी सकाळी पहिला डोस झाला. मालकांनी मागच्या पायांनी त्याच्या पोटावर ओरखडे काढले, पिचकारी उडवली, कपाटाखाली जाऊन बसले आणि तिथून बापाकडे असे बघू लागले, जणू भाडं थकलंय. औषधाचा एक थेंब पांढऱ्या टॉवेलवर पडला होता. लॉन्ड्रीवाल्याचा जीव त्यातही कळवळला. गुलाबी सिरप पांढऱ्या सुतावर पडलं की जाता जात नाही. धंद्यातलं शहाणपण म्हणून त्यानं एका बंद पडलेल्या सलूनचे चॉकलेटी टॉवेल काढले. त्यांच्यावर केसांचा कलप सांडला तरी पत्ता लागायचा नाही.

दुसऱ्या खेपेपासून त्याचा हात बसला. मालकांना घट्ट गुंडाळायचं, काखेत धरायचं, पिचकारी हळूच दाबायची आणि जबडा हलताना दिसेपर्यंत थांबायचं. जबडा हलायचा. ससा शांत व्हायचा. मग रोजचा टॉवेल घरच्या टोपलीत जायचा. दुकानाचा नियमच होता, गिऱ्हाइकाचे कपडे आधी, घरचे रविवारी.

"घेतलं औषध?" लेक विचारायची.

"सगळं."

"नक्की गिळलं ना? तो लबाड आहे हं, बाबा."

"अगं, डाग बघण्यात माझा जन्म गेला. थेंब सांडला असता तर मला दिसला नसता?"

"शाब्बास, बाबा!" ती म्हणाली. त्याला शाब्बास म्हणून किती वर्षं झाली होती कोण जाणे. तो रात्री भांडी घासताना शीळ घालत होता.

गुरुवारी सूज उतरायच्या ऐवजी वाढलेली वाटली. मालक गवताला नुसतं नाक लावून बाजूला व्हायचे. त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"औषध जातंय ना पोटात?" त्यांनी विचारलं.

"जातंय," त्यानं छातीठोकपणे सांगितलं.

"मग दोन दिवस वाट बघू. सोमवारी घेऊन या."

रविवारी सकाळी मावशी घरची टोपली निवडत होत्या. मध्येच थांबल्या आणि एक चॉकलेटी टॉवेल त्यांनी हवेत धरला. तो पुठ्ठ्यासारखा उभाच राहिला.

"भाऊ, या टॉवेलांना खळ कुणी घातली?"

तो हसत आला. टॉवेल हातात घेतला आणि त्याचं हसू मावळलं. चिमटीत धरलेला कोपरा कडक होता, आणि त्याला गोड, गोळीसारखा वास होता. त्यानं एक पांढरं फडकं ओलं करून त्या जागी दाबलं, गिऱ्हाइकाच्या कपड्यावर दाबायचा तसं. फडकं गुलाबी झालं. दुसरा टॉवेल घेतला. तोही गुलाबी. सहाच्या सहा.

एका बाजूनं तो औषध सोडत होता आणि दुसऱ्या बाजूनं मालक ते टॉवेलच्या घडीत सोडून देत होते. जबडा हलायचा तो त्यासाठी. पांढरा टॉवेल असता तर सोमवारीच दिसलं असतं. गावभरचे डाग ओळखणाऱ्याला घरचा दिसला नव्हता, कारण तो दिसू नये अशी सोय त्यानंच केली होती.

"अरे देवा," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी सुट्टीच्या दिवशी दवाखाना उघडला. इंजेक्शनं दिली. मालकांनी पाय झाडले नाहीत, ओरखडलं नाही, आणि त्यामुळेच त्याला जास्त भीती वाटली. दुपारी चारला, टेबलावर, त्याच्या तळहातावर डोकं ठेवून ससा गेला.

"औषध पोटात गेलं असतं तर?" त्यानं विचारलं.

त्या खोटं बोलल्या नाहीत. "बरेच वाचतात," म्हणाल्या.

घरी येऊन तो फोन समोर ठेवून बसला. सातला अजून वेळ होता. जेवले म्हणायला काय जातंय, असं त्याच्या मनात आलं. आज जेवले, उद्या जेवले. लेक फोन करत राहील. महिनाभर तरी निभेल. त्याला स्वतःची लाज वाटली, पण विचार जाईना. सशासाठी तो रडत होताच. त्याहून जास्त त्या दहा मिनिटांसाठी रडत होता.

फोन वाजला.

"बाबा, मालक जेवले?"

त्यानं तोंड उघडलं आणि खरं तेच बाहेर आलं. "मालक गेले, बाळा."

मग त्यानं सगळं सांगितलं. टॉवेल, कडक कोपरे, गुलाबी फडकं, गुरुवारचा फोन. "थेंब सांडला नाही म्हणालो तुला. सगळेच सांडले होते. माझी चूक आहे." इतकं तो आयुष्यात सलग बोलला नव्हता.

पलीकडे ती रडत होती. मागून तिच्या आईचा आवाज आला, "काय झालं गं?"

"त्याला दुखलं का, बाबा?"

"नाही. इंजेक्शन दिलं होतं. माझ्या हातावरच होता."

"चावला तुला?"

"नाही."

"मग खरंच बरं नव्हतं त्याला," ती म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. तो फोन कानाला घट्ट लावून बसला. रागव, ओरड, असं त्याला सांगायचं होतं. ती रागावली नाही.

बऱ्याच वेळानं तिनं नाक ओढलं. "बाबा, उद्या फोन करू?"

"कर ना. रोज कर."

पोर सरळ स्वभावाची, जे मनात येईल ते विचारणारी.

"पण आपण बोलायचं काय?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "शाळेचं सांग," तो म्हणाला. "शाळा कशी आहे?"

"बरी आहे."

"बरं."

पुढचं दोघांनाही सुचेना. फोन कुणीच ठेवत नव्हतं.