तुळईचा काटा आणि जमिनीचा काटा

मित्रांनो, ब्रह्मदेशाच्या सीमेवरच्या मोए नदीच्या पश्चिम तीरावर, खांबांवर उंच उभारलेल्या एका बांबूच्या घराच्या तुळईला टांगलेला मी एक जुना वजनकाटा आहे. माझी तबकडी पिवळी पडली आहे, आकडीला गंज चढला आहे आणि काचेवर सुपारीचे तांबूस डाग आहेत. आत्मवृत्त म्हणजे आत्मस्तुती नव्हे, असे मी मानतो. म्हणून आज मी तुम्हांला माझा गुण सांगणार नाही, अवगुण सांगणार आहे. तो अवगुण म्हणजे मत्सर.

माझा जन्म रंगूनच्या एका कारखान्यात झाला. माझ्या उदरात पोलादाची स्प्रिंग बसवली आणि पन्नास किलोपर्यंतचे आकडे माझ्या मुखावर रंगवले. सुपारीच्या बागा असलेल्या क्लेर डो नावाच्या तरुणाने मला नावेत घालून या गावी आणले. तो तरुण आता वृद्ध झाला आहे आणि सारे गाव त्याला 'फू', म्हणजे आजोबा, म्हणते. हंगामात सुपारीच्या टोपल्या माझ्या आकडीला लागत. गावात बाळ जन्माला आले की त्याला कापडाच्या झोळीत घालून प्रथम मजकडेच आणीत. बायका तबकडीकडे डोळे लावून बसत. फू अभिमानाने म्हणे, "माणसं खोटं बोलतात, माझा काटा बोलत नाही." हे वाक्य ऐकून माझी स्प्रिंग सुखाने थरथरे.

फूची कन्या नॉ सेर वा नदीपलीकडच्या शहरात हिवतापाचे काम शिकून आली. आमच्याकडे शिकवणाऱ्या आणि बरे करणाऱ्या बाईला 'थ्रामू' म्हणतात, तसे गाव तिला थ्रामू म्हणू लागले. ज्याला ताप येई त्याच्या बोटातून ती रक्ताचा थेंब काढी आणि पट्टीवर सोडी. पट्टीवर हिवतापाची रेघ उमटली की रोग्याचे वजन करून गोळ्या देई. वजन पंधरा किलोच्या आत असेल तर एका वेळी एक गोळी, त्याच्या वर भरले तर दोन, मोठ्यांना त्याहून अधिक. वजनावर औषध आणि औषधावर प्राण, असे हे सूत्र होते.

तेव्हा माझे महत्त्व वाढावयास हवे होते. परंतु थ्रामूने शहरातून येताना एक पांढरा, चपटा काटा आणला. तो जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर उभे राहायचे. थ्रामू त्याला रोज स्वच्छ फडक्याने पुसत असे. तीस वर्षांत माझ्या काचेवर कुणी फुंकरही मारली नव्हती. पहिले काही महिने तो शाळेच्या सिमेंटच्या खोलीत होता, त्यामुळे निदान दृष्टीआड होता. पुढे पुरात शाळेची भिंत पडली आणि औषधाची पेटी, पट्ट्या व तो पांढरा काटा, सारे थ्रामूच्या, म्हणजे आमच्याच, घरी आले. मी तुळईला आणि तो बरोबर माझ्याखाली. माझ्या आकडीला तेव्हा मिरच्यांची माळ अडकवली होती. मित्रांनो, मिरच्यांची माळ मुळीच जड नसते. तरी तिच्याइतका भार मी जन्मात पेलला नाही.

एके दिवशी दुपारी शेजारची पॉ वा आईबरोबर आली. पाच वर्षांची ही मुलगी तापाने लाल झाली होती. आई थ्रामूला लक्षणे सांगत होती. इकडे फूने मुलीला हसवावे म्हणून तिला झोळीत घातले आणि मिरच्या काढून माझ्या आकडीला टांगले. "सतरा किलो सुपारी," असे म्हणून त्याने तिला एक झोका दिला आणि तो बागेकडे निघून गेला. पट्टीवर रेघ उमटली. थ्रामूने मुलीला पांढऱ्या काट्यावर उभे केले आणि वहीत लिहिले, तेरा.

तेरा आणि सतरा. मी दोन्ही ऐकले. पॉ वाला एका वेळी एक गोळी मिळाली. माझ्या मनात काय आले असेल? भीती यावयास हवी होती. परंतु मला आनंद झाला. चुकला पांढरा, असे मी स्वतःशी म्हणालो. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

ताप तीन दिवसांत उतरला आणि चौथ्या आठवड्यात परत आला. पुन्हा तेरा, पुन्हा एक गोळी. मग तिसऱ्यांदा ताप चढला. मुलीचे ओठ पांढरे पडले, तिने खिचडीसारखा मऊ शिजवलेला भातसुद्धा नाकारला. गावात कुजबुज सुरू झाली. थ्रामूच्या गोळ्यांत दम नाही, त्यापेक्षा दुकानातल्या सुट्या गोळ्या बऱ्या, असे लोक बोलू लागले.

योगायोगाने त्याच दिवशी हिवतापाच्या संशोधनाच्या कामावरचे थ्रा, म्हणजे गुरुजी, एह डो गावी आले. ते दरमहा येत, कागदावर रक्ताचे थेंब घेत आणि थ्रामूची वही तपासत. वही वाचून ते गंभीर झाले. औषध पूर्ण देऊनही ताप परत येतो, याचा अर्थ या गावातल्या हिवतापाला औषध लागू पडेनासे झाले असावे आणि वरती तसे लिहावे लागेल, असे ते म्हणाले. थ्रामूने पेटी उघडून पाहिली. तसे झाले असेल तर तिच्या पेटीत पॉ वासाठी दुसरे काहीच नव्हते.

वजन तर करायचे होते, पण मुलीला उभे राहवेना. फू पुढे झाला. त्याने तिला झोळीत घेऊन माझ्या आकडीला लावले आणि वाचले, "साडेसोळा. मागं सतरा होती. वाळली बिचारी."

थ्रांनी वहीतून मान वर केली. "थ्रामू, तुमच्या वहीत तेरा आहे. आजारी पोर वाढतं का कधी?"

"काटा म्हातारा झालाय आमचा," थ्रामू म्हणाली.

"म्हातारा तुझा बाप झालाय," फू म्हणाला. "काटा नाही."

थ्रा हसले नाहीत. त्यांनी पाण्याचा दहा लिटरचा डबा खुणेपर्यंत भरून आणला. एका लिटरचे एक किलो, रिकाम्या डब्याचे वजन किरकोळ. माझ्या आयुष्यातला परमोच्च क्षण आला असे मला वाटले. डबा पांढऱ्यावर ठेवला, तो म्हणाला आठ. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. मग डबा मला टांगला.

मी म्हणालो साडेदहा.

थ्रांनी माझ्या काचेवरचा मळ अंगठ्याने पुसला. डबा काढला तरी माझा काटा शून्यावर आला नाही. तो अर्ध्या किलोवर थांबला. माझी स्प्रिंग सैल झाली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पॉ वाची आई अशा दुःखातही म्हणाली, "तरीच घरच्या काट्यावर फूची सुपारी नेहमी जड भरायची." फूने टोपी चाचपली.

त्यानंतर थ्रांनी पांढरा काटा उचलून घराखाली नेला आणि पाय धुण्याच्या सपाट दगडावर ठेवला. डबा वर ठेवला. दहा, ना कमी ना जास्त. आमच्या घराची जमीन बांबूच्या कामट्यांची आहे. पांढऱ्याचे पाय फटींत बसत, पोट कामट्यांवर टेकत असे आणि निम्माशिम्मा भार बांबूच गिळत असे. पांढरा खोटा नव्हता. त्याला उभे राहायला खरी जमीन मिळाली नव्हती.

थ्रामू शिडीच्या पायरीवर बसली. "दोनदा अर्धं औषध दिलं मी तिला. माझ्या हातानं."

"आता पुरतं दे," फू म्हणाला. "रडायचं ते मग रड."

दगडावरच्या काट्यावर बसवले तेव्हा पॉ वाचे खरे वजन सोळा भरले. थ्रांनी आपल्या कागदावर औषध लागू पडत नसल्याचे लिहिलेले वाक्य खोडले. थ्रामूने समोर बसून मुलीला दोन गोळ्या दिल्या, तीन दिवस, दिवसातून दोनदा. मग वहीतल्या सर्व मुलांना दगडावर पुन्हा तोलले. चार आठवडे ती रोज सकाळी पॉ वाच्या कपाळाला हात लावून येई. पाचव्या आठवड्यात मुलगी स्वतःच शिडी चढून आली आणि भात मागू लागली.

मित्रांनो, आता दर महिन्याच्या पहिल्या दिवशी पाण्याचा डबा आधी मला टांगतात, मग दगडावरच्या पांढऱ्याला देतात. माझी स्प्रिंग घट्ट केली आहे आणि काच पुसली जाते. तुम्हांला एवढीच विनंती आहे की, ज्या काट्यावर कुणाचे औषध ठरते त्याला वरचेवर तपासत जा, आणि तो कशावर उभा आहे तेही वाकून पाहा. माझ्यासारख्या जुन्यालाही पारखून घ्या. आम्ही स्वतःला फार खरे समजतो.

मत्सर पूर्ण गेला, असे मात्र मी म्हणणार नाही. पॉ वा वजनाला अजून पांढऱ्यावरच उभी राहते. पण ते झाले की ती वर येते, फूकडून झोळी बांधून घेते आणि माझ्या आकडीला लोंबकळते. तिचे वजन पांढऱ्याने सांगावे. झोका माझा आहे.