ताल तेवढा राहिला

“अहो, पाहुणी यायच्या आधी फडक्यानं पुसा तरी तिला. तिच्या पोटात कोळी पिलावळ घेऊन राहतायत,” अकेयो पुटपुटली.

तिचा नवरा ओगाला मान हलवून म्हणाला, “हो, चहा चालेल.”

मित्रांनो, जिच्या पोटात कोळी राहत होते, ती मी. मी एक जुनी न्यातिती आहे. लाकडाचं खोल पोट, त्यावर ताणलेलं गाईचं कातडं आणि आठ तारा, एवढाच माझा देह. सरोवराकाठच्या आम्हा लुओ लोकांच्या बोलीत ‘न्या’ म्हणजे लेक. तेव्हा माझ्या नावातच लेक आहे. ओगालानं मला कोरलं त्याच साली त्याच्या घरी खरी लेक जन्मली, आवुओर. गाव त्याला आवुओरचा बाप म्हणू लागलं, आणि मला तिची थोरली बहीण.

आमच्याकडे माणूस गेला की मला बोलावणं यायचं. ओगाला बुटक्या चौरंगावर बसायचा, पायाच्या अंगठ्यात लोखंडी कडी घालायचा आणि तिनं माझ्या लाकडावर ताल धरायचा. मेलेल्याची थोरवी गायचा, त्याचा चिक्कूपणाही गायचा. रडता रडता लोक हसायचे. तेव्हा माझा काय रुबाब होता!

मग एका वादळात सरोवरानं आवुओरची होडी गिळली. ओगालानं तिचं गाणं रचलं, काठाला लागलेला तिचा देह मातीत ठेवताना एकदाच वाजवलं आणि मला खुंटीला टांगलं. पुढे मयताला भाड्याचे भोंगे येऊ लागले. माझी कुणाला आठवणही झाली नाही.

ओगालाला छातीचा आजार झाला. इंजेक्शनांनी जीव वाचला, पण कान जवळजवळ गेले. गावाला कळलं, घराला कळलं, त्याला मात्र कुणी सांगितलं नाही. “हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात,” असं तो कुरकुरायचा, आणि सगळे आवाज चढवायचे. दया ही अशी आळशी असते बघा.

त्या दिवशी मारायके नावाची परदेशी बाई आली. फिरता फिरता कुठल्याशा बाजारात तिनं आमच्या जातीचं वाद्य ऐकलं होतं आणि तेव्हापासून वेड्यासारखी गावोगाव हिंडत होती. ओगालाचा पुतण्या ओमोलो तिला मोटरसायकलवर घेऊन आला. गाणं यंत्रात साठवून ती शहरातल्या शाळांना देणार होती, पोरं त्यावरून शिकणार होती. ओमोलोनं हे ओगालाच्या कानात ओरडून सांगितलं.

“मग आवुओरचंच घ्या,” ओगाला म्हणाला. “माझ्यामागे ते कोण गाणार?”

त्यानं माझ्या तारा पिळून सूर लावले. कानांनी नव्हे, बोटांच्या आठवणीनं. मग वाजवू लागला. मी आतल्या आत किंचाळत होते. ताल अंगठ्यातून त्याच्या हाडांत पोचत होता, म्हणून ताल अगदी चोख. पण सूर फुटक्या मडक्यासारखे. लेकीचं गाणं कुणा भलत्याच पोरीचं झालं.

मारायकेनं डोळे मिटले होते. “किती प्राचीन! असे सूर मी कुठेच ऐकले नाहीत.”

ओमोलो बुटांकडे बघत म्हणाला, “ही जुनीच पद्धत आहे.”

“वा! हात अजून तसाच आहे, बाबा!” जमलेले शेजारी म्हणाले.

अकेयो मासे साफ करत होती. तेच गाणं ती रोज त्या कामात गुणगुणते, एकही सूर न चुकता. पण बायकांनी मला शिवायचं नसतं.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना पुसा, तारा बदला, वाळवी लागू देऊ नका. पण बेसूर वाजलं तर ‘वा’ म्हणू नका. कोळ्यांनी माझं काही बिघडवलं नाही. त्या ‘वा’नं बिघडवलं.

“आता पुन्हा वाजवा, यंत्र लावते,” मारायके म्हणाली. ओमोलोनं खूण केली. ओगालानं अंगठा उचलला.

खवले चिकटलेला एक ओला हात माझ्या आठही तारांवर पडला.

“काकी! हात काढ!” ओमोलो दबक्या आवाजात खेकसला. “बायकांनी शिवायचं नसतं!”

अकेयोनं हात काढला नाही. ती ओगालाच्या पुढ्यात बसली, तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली,

“आवुओरचे बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही. आपल्या लेकीचं गाणं चुकतंय!”